मालकाचा कागद

पात्रांना स्वातंत्र्य असावे, असे आपले प्रस्थापित समीक्षक नेहमी सांगतात. ते स्वातंत्र्य द्यायचे कोणी, हे मात्र सांगत नाहीत. फ्लॅन ओब्रायन या आयरिश लेखकाची ‘अ‍ॅट स्विम-टू-बर्ड्स’ (१९३९) वाचताना हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधल्या गोदामातील तिच्या न खपलेल्या प्रती जळाल्या. १९६० मध्ये ती पुन्हा छापली गेली.

डब्लिनमध्ये काकाकडे राहणारा एक आळशी विद्यार्थी कादंबरी लिहितो आहे. तिला तो तीन सुरुवाती देतो. या कादंबरीतला ट्रेलिस हाही कादंबरीकारच. पापाचे परिणाम दाखवणारे पुस्तक त्याला लिहायचे आहे. पात्रे हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून तो त्यांना स्वतःच्या हॉटेलात, नजरेखाली ठेवतो. पात्रेही वस्ताद! ती मालकाला गुंगीचे औषध पाजतात आणि तो झोपला की आपापले जगून घेतात. जन्मतःच दुष्ट ठरवलेला फरिस्की चक्क लग्न करून संसार थाटतो.

जन्मावरून माणसाचा स्वभाव ठरवणारे लेखक आम्हाला नवे नाहीत. म्हणून मी पोट धरून हसलो.

पुढे ट्रेलिसचा मुलगा ऑर्लिक लेखणी उचलतो, बापालाच पात्र करून त्याचे हाल करतो, त्याच्यावर खटला भरतो. इथे माझे हसू थांबले. ऑर्लिकची आई शीला हे ट्रेलिसनेच निर्माण केलेले पात्र, आणि तिच्यावर बलात्कार करणाराही तोच. खटल्यात दूध नीट न काढल्याची तक्रार गायसुद्धा करते. शीलाच्या वतीने मात्र तिचा भाऊ बोलतो. बंडखोरांनाही तिचा आवाज ऐकावासा वाटला नाही. या विनोदाची ही मर्यादा मी माफ करू शकत नाही.

शेवटी मोलकरीण टेरेसा विस्तव पेटवायला ट्रेलिसची काही पाने चुलीत सारते. फरिस्की आणि मंडळींचा जीव त्याच पानांत असतो. बंड संपते, मालक वाचतो. बंड मालकाच्या कागदावरचे होते, म्हणून कागदाबरोबर जळाले.

माझ्याविषयीही बोललो पाहिजे. मी आजीवर कथा लिहिली, तेव्हा तिला फक्त रडवले. प्रत्यक्षात ती गावच्या पाटलाला तोंडावर उत्तर देणारी, खळखळून हसणारी बाई. पांढरपेशा वाचकाला आमचे अश्रू चालतात, हे हेरून मीच तिला कोंडले होते. ट्रेलिस माझ्यातही बसला होता.

१९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले ते आपला कागद आपल्या हाती असावा म्हणून. ‘बलुतं’ (१९७८) आले तेव्हा दुसऱ्यांच्या कथेतले पात्र स्वतः लिहू लागले. पण कागद आपला झाला म्हणून काम संपत नाही. त्यावर आपल्या शीलेला बोलता येते का, हे आता आपणच आपल्याला विचारले पाहिजे. मी ती कथा फाडली आहे. पुन्हा लिहीन, तेव्हा आजी हसेल.