अराजकाचे गद्य : पीटरबरो वृत्तांतातील ११३७ ची नोंद

इंग्लंडचा राजा पहिला हेन्री १ डिसेंबर ११३५ रोजी मरण पावला. त्याचा एकुलता औरस मुलगा ११२० मध्येच समुद्रात बुडाला होता आणि मुलगी मटिल्डा हिला वारस मानण्याची शपथ सरदारांनी घेतली होती. ती बाजूला सारून हेन्रीचा भाचा स्टीफन याने त्याच महिन्यात स्वतःस राज्याभिषेक करवून घेतला. ११३९ मध्ये मटिल्डा इंग्लंडात उतरली आणि ११५३ च्या तहापर्यंत यादवी धुमसत राहिली. या कालखंडाला ‘अ‍ॅनार्की’ म्हणण्याचा प्रघात जे. एच. राउंड यांच्या १८९२ च्या ग्रंथाने दृढ केला. मराठीत त्याला ‘अराजक’ म्हणावे, तर थोडी फसगत होते. राजा नसणे ही येथील अडचण नव्हती. राज्यावर हक्क सांगणारे दोघे होते आणि त्या दोघांमधल्या फटीत ज्याच्याजवळ गढी तो धनी, अशी स्थिती झाली होती. ‘बेबंदशाही’ हा शब्द तिला अधिक जवळचा.

या यादवीचा समाजावर काय परिणाम झाला, हे सांगताना बहुतेक लेखक एकाच उताऱ्याकडे वळतात. पीटरबरो येथील मठात लिहिल्या गेलेल्या इंग्रजी वृत्तांतातील ११३७ च्या नोंदीत तो आहे. सरदारांनी देशभर गढ्या उभारल्या, त्यासाठी गरिबांना वेठीस धरले, धनाच्या आशेने स्त्री-पुरुषांना पकडून नेले. कुणाला धुराने गुदमरवले, कुणाच्या डोक्याभोवती गाठी मारलेले दोर आवळले, कुणाला साप-बेडकांच्या कोठडीत टाकले, कुणाला टोकदार दगड भरलेल्या अरुंद पेटीत चेपले. दिवसभर चालले तरी गावात माणूस दिसू नये, असा उजाडपणा आला. पाठ्यपुस्तकांतून हा उतारा बहुधा येथेच संपतो. नोंद मात्र येथे संपत नाही, आणि तिच्या वाचनाचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

प्रथम तिच्या काळाचा विचार करावयास हवा. वृत्तांत हा वाङ्मयप्रकार सनावळीवर उभा असतो. एक वर्ष, एक नोंद. परंतु ११३२ ते ११५४ पर्यंतचा हा अखेरचा भाग स्टीफनच्या मृत्यूनंतर, ११५५ च्या सुमारास, सलग लिहिला गेला असे अभ्यासक मानतात. ११३७ हा सन म्हणजे केवळ एक खुंटी. एकोणीस वर्षांचे दुःख त्या खुंटीला टांगलेले आहे. म्हणून या उताऱ्यात एकाही छळलेल्या माणसाचे नाव नाही, एकाही गढीचे नाव नाही, एकही दिवस नाही. वारंवार घडलेले एकदाच सांगणे, ज्याला जेनेत आवर्ती कथन म्हणतात, ते येथे सनावळीच्या चौकटीला आतून फोडते. आपल्याला सारे सांगता येत नाही, असे निवेदक म्हणतो तेव्हा तो जुना आलंकारिक संकेत पाळत असतो हे खरे. पण त्या संकेताला येथे वाङ्मयप्रकाराची प्रत्यक्ष अडचण येऊन मिळालेली आहे.

भाषेचीही हीच अवस्था आहे. याच हस्तलिखितातील आधीच्या भागात जुन्या साहित्यिक इंग्रजीचे वळण बरेच टिकून आहे. या अखेरच्या भागात विभक्तिप्रत्यय झिजलेले आहेत आणि नॉर्मन फ्रेंच शब्द मोकळेपणाने शिरलेले आहेत. युद्ध, शांतता, न्याय या अर्थांचे आजचे इंग्रजी शब्द लिखित इंग्रजीत अगदी आरंभी जेथे आढळतात, त्यांपैकी ही पाने होत. ते यादवीने आणले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. १०६६ पासूनच्या सत्तांतराचा तो परिपाक आहे. तथापि एक शब्द विशेष बोलका आहे. गावांवर वरचेवर बसवल्या जाणाऱ्या वसुलीला ते लोक ‘तेन्सेरी’ म्हणत, असे निवेदक नोंदवतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ संरक्षण. लुटणाऱ्यापासून वाचवण्याबद्दल लुटणाऱ्यानेच घ्यायची ही खंडणी. निवेदक त्या शब्दाचा अनुवाद करीत नाही. तो परका शब्द ‘त्यांचा’ म्हणून तसाच ठेवतो. सत्तेने दिलेले नाव आणि प्रजेला आलेला अनुभव यांतील अंतर एवढ्या एका शब्दात दिसते.

विसाव्या शतकात या चित्राच्या सत्यतेविषयी बराच वाद झाला. ११५६ च्या राजकोषाच्या हिशेबात काही रकमा ‘उजाड’ म्हणून सोडून दिलेल्या आहेत. एच. डब्ल्यू. सी. डेव्हिस यांनी १९०३ मध्ये त्यांतून विध्वंसाचे प्रमाण काढले. पुढील अभ्यासकांनी दाखवले, की ‘उजाड’ या शेऱ्याचा अर्थ ‘वसूल न झालेले’ एवढाच असू शकतो. जमिनीचा मालक बदलला, मोजणी राहिली, तरी तो शेरा पडे. शिवाय याच काळात शंभराहून अधिक नवे मठ स्थापन झाले. तेव्हा पीटरबरोच्या संन्याशाने अतिशयोक्ती केली, असा निष्कर्ष निघू लागला. या निष्कर्षामागे एक गृहीत दडलेले आहे: अलंकार वजा केला की वस्तुस्थिती उरते. पण रामसी येथील मठ जेफ्री द मँडव्हिल या सरदाराने ११४३ मध्ये बळकावून त्याचा तळ केला, आणि तो मठ पीटरबरोपासून फार दूर नव्हता. साऱ्या देशाविषयी बोलणारा हा निवेदक आपल्या परगण्याविषयी बोलत असावा. परगण्याचे सत्य देशाच्या सरासरीत बुडवून टाकणे, यात वस्तुनिष्ठता कोणती?

आणि संशयवाद्यांना हवा तो पुरावा नोंदीतच आहे. यातनांच्या वर्णनानंतर लगेच निवेदक आपल्या मार्टिन या मठाधिपतीकडे वळतो. या साऱ्या वाईट काळात त्याने मठाला काही कमी पडू दिले नाही, चर्चचे काम चालवले, गेलेल्या जमिनी परत मिळवल्या, रोमला जाऊन पोपकडून सनदा आणल्या, द्राक्षमळा लावला, गावही पूर्वीपेक्षा चांगले केले. उजाड गावे आणि द्राक्षमळा यांच्यामध्ये ‘परंतु’ची ओढाताण नाही; दोन्ही सारख्याच निःशंकपणे येतात. या शेजाराकडे निवेदकाचा गोंधळ म्हणून पाहणे बरोबर नाही. जमीन, सनद आणि पोपचा आधार असलेली संस्था ज्या काळात तगून राहते, त्याच काळात या तिन्हींवाचून असलेला माणूस गढीत नेला जातो. यादवी सर्वांवर सारखी कोसळत नाही, हे या नोंदीची रचना सांगते. निवेदकाला ते सांगायचे होते की नाही, हा प्रश्न वेगळा.

नोंदीचा तिसरा भाग सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. नॉर्विचच्या ज्यूंनी एका ख्रिस्ती मुलाला विकत घेऊन ख्रिस्ताप्रमाणे छळून मारले, ही कंडी निवेदक सत्य म्हणून सांगतो. विल्यम नावाच्या या मुलाचे प्रेत ११४४ मध्ये सापडले होते. ११३७ च्या नोंदीत ते येते, यावरून ही खुंटी किती भार पेलते ते दिसते. ज्यूंवरील या प्रकारच्या आरोपांची ही युरोपातील अगदी आरंभीची नोंद आहे. लक्षणीय गोष्ट अशी, की गढीतील कैद्यांच्या यातनांसाठी वापरलेले क्रियापदच येथे पुन्हा येते. तेथे हुतात्म्यांनीही असे सोसले नाही म्हणून सांगितले होते. येथे एक हुतात्मा घडवला जातो. निनावी लोकांविषयीची करुणा आणि निनावी ज्यूंविषयीचा द्वेष एकाच शब्दकळेतून निघतो. नाव मिळते ते विल्यमला, आणि त्याचे चमत्कार सुरू होतात. ज्या शब्दांनी दुःखाची साक्ष दिली, त्याच शब्दांनी खोटी साक्षही दिली, हे करुणेचे उतारे वेगळे काढून वाचणाऱ्या समीक्षेला दिसत नाही.

विल्यमचे चरित्र लिहिणारा मन्मथचा टॉमस हा ज्यूंचा कडवा द्वेष्टा. तरीही त्याच्याच ग्रंथात एक तपशील येतो: आरोप झाला तेव्हा राजाचा अधिकारी जॉन याने नॉर्विचच्या ज्यूंना किल्ल्यात नेऊन ठेवले आणि त्यांचा जीव वाचला. पीटरबरोच्या नोंदीत दगडमातीच्या भिंतींनी वेढलेली प्रत्येक जागा सैतानांचे घर आहे. नॉर्विचचा किल्ला तीत नाही, आणि त्यात जाऊन बसलेली माणसेही नाहीत. विल्यमचे प्रेत समारंभाने पुरले जाते, त्याला संत म्हटले जाते, आणि पुढची नोंद स्कॉटलंडच्या डेव्हिड राजाच्या स्वारीची आहे.