रिजुव्हेनेटरवरचा पेपर वाचताना हे तीन प्रश्न विचारा

जुन्या डांबरी थराच्या पुनर्वापरावर ‘संशोधनाचे कल’ सांगणारे रिव्ह्यू पेपर तुम्ही वाचत असाल. कोणत्या देशाचे किती पेपर, कोणता कीवर्ड किती वेळा. माझा आक्षेप एवढाच, की या मोजणीतून रस्ता कळत नाही.

ऊन आणि हवेमुळे डांबरातले हलके, तेलकट घटक घटतात, अ‍ॅस्फाल्टीन वाढतात आणि डांबर कडक होऊन तडकतं. रिजुव्हेनेटर, अगदी वापरलेलं खाद्यतेलसुद्धा, त्याला पुन्हा मऊ करतो. पुष्कळ पेपर इथेच थांबतात.

तुम्ही पुढे विचारा. एक, ते पुन्हा किती लवकर कडक होतं? पीएव्ही यंत्रात दाब आणि उष्णतेखाली २० तास ठेवून तपासलंय का? दोन, खडीला चिकटलेलं जुनं डांबर नव्यात खरंच किती मिसळलं, की सगळं मिसळलं असं गृहीतच धरलंय? तीन, मऊपणा जास्त झाला तर चाकोऱ्या पडतील का? हंगामात माधवनगरच्या रस्त्यावरून उसाच्या जड ट्रॉल्या सावकाश जातात, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

आपल्याकडे पुनर्वापरासाठी आयआरसी:१२०-२०१५ आहे. आधी ती वाचा, मग विषय ठरवा. कीवर्डच्या नकाशातलं सगळ्यात मोठं वर्तुळ म्हणजे तुमचा संशोधन-प्रश्न नव्हे.