शब्दांत कोंडलेले विज्ञान

जॉन विल्किन्स (१६१४–१६७२) हे इंग्लंडमधील धर्मशास्त्रज्ञ, चेस्टरचे बिशप आणि रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. बिशप झाले त्याच वर्षी, १६६८ मध्ये, त्यांनी विद्वानांसाठी नवी भाषा सुचवणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. साऱ्या वस्तू व कल्पना त्यांनी ४० मुख्य गटांत बसवल्या. ‘दे’ म्हणजे मूलतत्त्व, ‘देब’ म्हणजे अग्नी, ‘देबा’ म्हणजे ज्वाला. शब्द ऐकताच वस्तूचा गट कळावा, ही कल्पना आम्हांला आजही मोहक वाटते.

आमच्या मते दोषही तेथेच आहे. अग्नी हे मूलतत्त्व नव्हे. ज्वलन म्हणजे ऑक्सिजनशी होणारा संयोग, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए यांनी दाखवले. विल्किन्स यांनी देवमाशालाही माशांत घातले होते. म्हणजे ज्ञान सुधारले की शब्दच खोटे ठरतात! या ग्रंथासाठी वनस्पतींचे तक्ते करणाऱ्या जॉन रे यांचीही तक्रार हीच, की निसर्गाऐवजी ठरलेली चौकट पाळावी लागली.

तरीही हे अपयश विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. वर्गीकरण माणूस करतो, निसर्ग नव्हे. म्हणून तक्ता पाठ करून घेण्याआधी तो कोणत्या निकषावर केला आहे, हा प्रश्न मुलांना विचारू द्यावा.