सुगरणीचा खोपा आणि आपले घर

मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन १९९० साली सोलापूरला भरले. तेव्हापासून या प्रवाहाने काय कमावले याचा हिशेब अनेकांनी मांडला आहे. दंगलीची दहशत, गरिबी, तलाकपीडितेचे दुःख, दोन्हीकडून होणारा अविश्वास हे सारे मराठी वाङ्मयात आपल्या लेखकांनी आणले. त्याचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु खर्चाच्या बाजूकडेही एकदा पाहिले पाहिजे. आमच्या वाचनाप्रमाणे आपल्या साहित्यात मुस्लिम माणसाचा प्रश्न आला, त्याचे घर मात्र फारसे आले नाही. दाराशी लावलेली मेंदी, वजूचे पाणी जिथे वाहत जाते तिथे तरारलेला पुदिना, पावसाळ्याआधी उन्हात घातलेल्या गोधड्या, वळचणीतली चिमणी यांना आपल्या कथा-कवितांत जागा अपवादानेच मिळाली.

यावर पहिला आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. वस्ती पेटलेली असताना चिमण्यांवर काय लिहायचे? १९९२-९३ ची मुंबई आणि २००२ चे गुजरात पाहिलेल्या पिढीला फुलापाखरांच्या गोष्टी सांगणे ही चैन वाटली असेल तर ते समजण्यासारखे आहे. हमीद दलवाईंच्या 'इंधन' (१९६५) या कादंबरीत कोकणातले गाव आहे, घरे आहेत, माणसे आहेत. पण कादंबरीचे लक्ष ते गाव कसे पेटते याकडे आहे, आणि ते तसेच असायला हवे होते. अडचण पुढे झाली. एका थोर लेखकाने एका निकडीपोटी जे केले, तीच पुढच्यांची मळवाट झाली. घराचे चित्र काढायचे ते जळताना किंवा मोडतानाच, असा अलिखित नियम होऊन बसला.

मराठीत घरअंगण आणि ऋतू यांच्या लेखनाची परंपरा समृद्ध आहे. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हा तिचा मानदंड. एकेका महिन्यात झाडे, आकाश, पाखरे कशी बदलतात हे दुर्गाबाईंनी इतक्या बारकाईने टिपले की निसर्ग पाहण्याची एक रीतच मराठी वाचकाला मिळाली. हे पुस्तक आपलेही आहे. चैत्राची पालवी मोहल्ल्यातल्या पिंपळालाही फुटते. पण आपल्या घरात या चक्राला आणखी एक चक्र जोडलेले असते, आणि त्याबद्दल मराठीत लिहायचे राहून गेले आहे.

हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २००० साली जानेवारीत एक आणि डिसेंबरात एक अशा दोन ईद थंडीतच आल्या. २०१८ ची ईद आली जूनच्या मध्यावर, पेरणीच्या धांदलीत. म्हणजे तेहतीस-चौतीस वर्षांच्या माणसाने रोजा वैशाखाच्या तलखीत धरलेला असतो, श्रावणाच्या झडीत आणि पौषाच्या आखूड दिवसांतही. सहेरीला उठल्यावर अंगणात कोणता पक्षी बोलतो, इफ्तारीच्या ताटात कलिंगड आहे की पेरू, हे त्याच्या आयुष्यात पुनःपुन्हा बदलत जाते. शीरखुर्म्यावर चार ओळी लिहून ही गोष्ट संपत नाही. सण ऋतूला बांधलेला नसणे हा वेगळाच अनुभव आहे आणि ललित लेखकाला तो मोठी सामग्री देणारा आहे.

ही दोन चक्रे एकमेकांना परकी होती असेही नाही. मराठी कागदपत्रांत शतकानुशतके वापरला गेलेला शुहूर सन पाहावा. त्याचे अंक अरबी, अर्बा, खमस असे. आणि वर्ष सुरू व्हायचे सूर्य मृग नक्षत्रात जाताना. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. अरबी शब्दांत मोजलेले आणि मृगाच्या पावसाने उघडणारे वर्ष ज्या भाषेने चालवले, तिच्यात आपल्या घराचे ऋतू परके कसे ठरतील?

निसर्ग न्याहाळण्याची आपली परंपरा तोकडी आहे, असा एक गैरसमज आपल्यातही आढळतो. कुरआनच्या सूरांना मधमाशीचे, मुंगीचे, कोळ्याचे नाव आहे. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिला जातो, ही हदीस आपण लहानपणी ऐकतो. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील प्राणी, फळे आणि फुले यांची तपशीलवार नोंद केली. जहांगीराने सारसाची एक जोडी पाळली, तिला लैला-मजनू अशी नावे दिली आणि ती अंडी आळीपाळीने कशी उबवते हे लिहून ठेवले. त्याच्या दरबारातील उस्ताद मन्सूरची पक्षिचित्रे आजही अभ्यासक अचूकतेसाठी वाखाणतात. मात्र हे सारे बादशाही. त्यात बाग आहे, अंगण नाही.

अंगण पाहायचे तर किहीमला जावे लागेल. जर्मनीतून शिकून आलेले सालिम अली १९३० मध्ये नोकरीविना होते. अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरच्या गावी ते राहायला गेले आणि घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांना मिळाली. पावसाळाभर त्यांनी ती न्याहाळली. त्यांना दिसले ते असे: घरटे विणतो नर. गवताच्या आणि भाताच्या पात्यांच्या लांब चिरफळ्या काढून, गाठी मारून तो ते अर्धवट विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, पाहणी करतात. एखादीने पसंत केले तर तो पुढचे काम करून खाली लोंबणारी नळी विणतो. मादी अंड्यांवर बसली की हा दुसरे घरटे सुरू करतो. न आवडलेली घरटी तशीच अर्धी लोंबत राहतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हा निबंध १९३१ मध्ये आला आणि त्यांच्या लौकिकाचा पाया त्याने घातला.

आता याशेजारी बहिणाबाई चौधरींची खोप्याची कविता ठेवून पाहावी. तिच्यातली विणकरीण मादी आहे, कारण मराठीने या पक्ष्याला नावच सुगरण असे दिले. खानदेशातल्या कष्टकरी बाईने खोप्यात बाईचे हात पाहिले, त्यात तिच्या संसाराचे सत्य आहे. सालिम अलींनी नराचे कसब पाहिले, ते पक्ष्याचे सत्य. दोन्ही एकाच मातीतली. आपल्या समीक्षेने या दोन नोंदी एकत्र वाचायला हव्या होत्या. सालिम अलींना आपण अभिमानाच्या यादीत घातले, सत्कारात त्यांचे नाव घेतले. लेखक म्हणून मात्र वाचले नाही. 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५) हे त्यांचे आत्मकथन मिस्किल, कोरड्या विनोदाचे आणि कुठेही गळा न काढणारे आहे. आपल्या आत्मकथनपर लेखनाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

त्याच सुलेमानी बोहरा समाजातल्या तय्यबजी कुटुंबात 'अखबार की किताब' ठेवण्याची पद्धत होती. घरात एक वही असे आणि घरातली माणसे तिच्यात रोजच्या घडामोडी लिहीत. बायका आणि मुलेही लिहीत. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील मुंबईच्या मुस्लिम जीवनाचा अभ्यास करणाऱ्यांना आज या वह्या अमोल वाटतात. श्रीमंत, शिकलेल्या घराण्याची ही रीत, हे मान्य. पण वही आणि पेन्सिल यांना श्रीमंती लागत नाही. घर लिहून ठेवण्याजोगे आहे असे त्या माणसांना वाटले, आणि हे वाटणेच आपल्याकडे दुर्मीळ आहे.

कवितेचा दोष थोडा वेगळा आहे. आपल्या गझलांत गुल आहे, बुलबुल आहे. पण फारसी-उर्दू गझलेतला बुलबुल हा इराणकडचा गाणारा पक्षी. आपल्याकडे बुलबुल म्हणतात तो निराळाच. शेपटीखाली लाल, डोक्यावर काळा तुरा, व्हरांड्यातल्या वेलीत किंवा दिव्याच्या आकड्यावर वाटीएवढे घरटे करणारा. हा आपल्या दाराशी येतो आणि कवितेत मात्र तो दूरचा येतो. उसन्या संकेतांनी कविता सजते खरी, पण आपल्या दारातले ऐकू येईनासे होते.

हुन्नराच्या बाबतीत तर आपण फारच कंजूष ठरलो. आपली आडनावे वाचावीत: बागवान, पिंजारी, मणियार, अत्तार, मोमीन, शिकलगार, तांबोळी, रंगरेज. आपल्या वैचारिक लेखनात ही नावे येतात ती मागासवर्गीयांच्या यादीसाठी. ती लढाई न्याय्यच आहे. पण या नावांत महाराष्ट्राचे ऋतूही आहेत. मोहोर पाहून झाडाचा सौदा करणारा बागवान, श्रावणात गावोगाव बांगड्या भरणारा मणियार, थंडीच्या तोंडावर पिंजण खांद्यावर घेऊन दारात येणारा पिंजारी. त्याच्या तातीचा आवाज ऐकला की गाद्या-रजयांची उस्तवार सुरू होई. गाद्यांचा कापूस यंत्राने पिंजला जाऊ लागला आणि तो आवाज गेला. त्या आवाजावर आपल्याकडे एखादी चांगली कथा असायला हवी होती.

मिरजेचे उदाहरण घ्या. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. सतारीचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो. तो पुरता वाळल्याशिवाय कामाचा नसतो. मग कापणे, भिजवून आकार देणे, तुणाच्या लाकडाची दांडी जोडणे, नक्षी, रोगण आणि शेवटी जवारी. घोडीचा माथा घासून तारेला बोलते करण्याचे हे काम कानाने होते, मापाने होत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वेलीवरच्या भोपळ्यापासून षड्जापर्यंतचा हा प्रवास मुस्लिम मराठी घरांतून झालेला आहे. सरकारी नोंदवहीने त्याची दखल घेतली, आपल्या कादंबरीने अजून नाही.

दुसरा आक्षेप वर्गाचा येईल. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा, मुंब्र्याच्या एका खोलीत सहाजण राहणारे, यांना कसली बाग? आम्ही म्हणतो, जाऊन पाहावे. तेलाच्या डब्यात पुदिना असतो, रंगाच्या बादलीत कोरफड असते, गॅलरीच्या गजांना मनीप्लांट असतो आणि पुष्कळदा सब्जाही. सब्जा म्हणजे तुळशीची सख्खी बहीण, वनस्पतिशास्त्राच्या एकाच कुळातली. शेजारणीच्या वृंदावनात तुळस, आपल्या कबरींवर आणि फालुद्याच्या ग्लासात सब्जा. अरबीत अशा सुगंधी वनस्पतींना रैहान म्हणतात. दोन घरांच्या नात्याबद्दल परिसंवादांतून जे सांगावे लागते, ते या दोन कुंड्या शेजारीशेजारी ठेवून सांगता येते. गरिबाच्या घरात सुख नसते असे गृहीत धरणे हाही एक प्रकारचा तुच्छभावच आहे.

धोकाही सांगून ठेवतो. सुखाचे लेखन गुळचट होऊ शकते. वृत्तपत्रांच्या रमजान पुरवण्यांत आपले घर कसे दिसते ते आपण पाहतोच: बिर्याणी, अत्तर, जाळीदार टोपी. ते बाहेरच्यांसाठी सजवलेले दालन आहे. त्यात भांडी घासणारी सून नसते, सहेरीसाठी सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी जेवणारी अम्मी नसते. घराचे सुख लिहायचे तर ते कोणाच्या श्रमावर उभे आहे हेही लिहावे लागेल. म्हणून हे लेखन प्रथम आपल्या लेखिकांकडून यावे अशी आमची अपेक्षा आहे. खालाच्या हातची वाकळ कोणत्या जुन्या लुगड्यांची, कोणत्या टाक्याची, हे त्यांना माहीत आहे.

आज हे का बोलायचे? कारण गेल्या काही वर्षांत घर हाच वादाचा विषय झाला आहे. आरोपीचे घर पाडणे ही जणू शिक्षा आहे असे वागणे इतके बोकाळले की १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवाडा देऊन अशा पाडकामाला नियमांची चौकट घालावी लागली. बातमीत पडलेले घर म्हणजे चौरस फूट आणि विटांचा ढीग. तिथे कोणती वेल होती, कोणत्या कोनाड्यात पाखरू बसत होते, भिंतीला टेकून काय विणले जात होते, हे बातमी सांगत नाही. ज्या वाचकाने ते घर कधी नांदते पाहिलेलेच नाही, त्याला ते पडल्याचे दुःख तरी कसे व्हावे? दंगलीवरच्या आपल्या उत्तम कथाही कधीकधी परिणाम करीत नाहीत, त्याचे एक कारण आम्हांला इथे दिसते.

तेव्हा पुढच्या अंकांसाठी आमची मागणी साधी आहे. प्रश्नांवरचे लेखन थांबवू नये. त्याच्या जोडीला एका वर्षाचे, एका घराचे, एका हुन्नराचे नेमके लेखन यावे. पिंजाऱ्याच्या नातवाने पिंजणीच्या भागांची नावे आजोबांकडून लिहून घ्यावीत, बागवानाच्या मुलीने फळांचे हंगाम लिहावेत. दखनी, कोकणी, खानदेशी घरांतले शब्द जसेच्या तसे यावेत, प्रमाण मराठीत धुऊन नव्हे. समीक्षकांनीही अशा लेखनाला किरकोळ ललित म्हणून बाजूला सारू नये. हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत, आणि ती असेपर्यंतच हे काम होण्यासारखे आहे.