चिलखत आणि चेहरा : डेनरने रंगविलेला टोर्डेनस्क्योल्ड

ऐतिहासिक पुरुषाच्या व्यक्तिचित्रात त्याचे चरित्र शोधण्याची आपली सवय जुनी आहे. त्या सवयीची मर्यादा तपासण्यास बाल्थासार डेनर (१६८५–१७४९) या हाम्बुर्गच्या चित्रकाराने १७१९ च्या सुमारास रंगविलेले, डॅनिश-नॉर्वेजियन आरमारातील अधिकारी पेटर टोर्डेनस्क्योल्ड याचे तैलचित्र उपयुक्त ठरते.

चित्रविषय झालेला हा पुरुष जन्माने उमराव नव्हे. १६९० साली ट्रॉनहाइम येथे एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेला हा पेटर वेसेल. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजसत्तेखाली होता. १७१६ च्या आरंभी चौथ्या फ्रेडरिक राजाने त्यास उमरावपद व 'मेघगर्जना' आणि 'ढाल' या शब्दांनी घडविलेले नवे नाव दिले. त्याच वर्षी जुलैत डिनेकिलेनच्या चिंचोळ्या खाडीत शिरून त्याने स्वीडनच्या रसदवाहू गलबतांचा तांडा उद्ध्वस्त केला. १७१९ साली मार्स्ट्रांड जिंकल्यावर तो व्हाइस अ‍ॅडमिरल झाला.

चित्रात मात्र हा दर्यावर्दी पोलादी चिलखत व केशटोप धारण करून उभा आहे. अठराव्या शतकातील आरमारी युद्धात चिलखताचा उपयोग नव्हता. ते सेनानीच्या चित्राचे रूढ लेणे होते. ज्याचे उमरावपण जेमतेम तीन वर्षांचे, त्यास जुन्या सरदारांच्या पंक्तीत बसविण्याचे कार्य हे चिलखत करते. ते त्याच्या पराक्रमाची साक्ष देत नाही. त्याच्या पदाचा दावा मांडते.

मग चेहऱ्याचे काय? डेनरची कीर्ती त्वचेच्या सूक्ष्म चित्रणावर उभी आहे. व्हिएन्नाच्या संग्रहालयातील त्याच्या सुप्रसिद्ध वृद्धेच्या मुखचित्रात प्रत्येक सुरकुती मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आहे. तेथे ही पद्धती सार्थ होते, कारण वार्धक्य स्वतःचा इतिहास त्वचेवरच लिहून ठेवते. एकोणतीस वर्षांच्या तरुणाच्या चेहऱ्यावर असा लेख उमटलेला नसतो. म्हणून डेनरची नजर येथे प्रामाणिक राहूनही मुकी होते. तिला वर्ण दिसतो, वृत्ती दिसत नाही. या मुद्रेत आपणांस जे धाडस भासते, ते बहुतांशी आपण चरित्रातून सोबत आणलेले असते.

या भासास स्थळाचीही जोड मिळते. हे चित्र फ्रेडरिक्सबोर्ग येथील ज्या संग्रहालयात आहे, ते १८७८ साली राष्ट्रीय इतिहासाचे संग्रहालय म्हणूनच स्थापन झाले; तेथे प्रेक्षक चित्रापूर्वी वीरास भेटतो. डेन्मार्कचे राजगीत व नॉर्वेचे राष्ट्रगीत या दोहोंत त्याचे स्मरण आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो विजेच्या लखलखाटासह येतो. गीतांनी कृती जपली, चित्राने प्रतिष्ठा जपली. दोहोंची सरमिसळ करणारा अभ्यासक गीतातील वीज चित्रावर लादतो.

१७२० च्या नोव्हेंबरात हानोवरच्या प्रदेशात एका द्वंद्वयुद्धात टोर्डेनस्क्योल्ड मारला गेला. त्या अकाली मृत्यूची छायाही या चेहऱ्यावर शोधण्याचा मोह होतो. परंतु चित्र रंगले तेव्हा ते भवितव्य चित्रकारास ठाऊक नव्हते. तेव्हा 'हा पुरुष कसा होता' या प्रश्नाआधी 'तो कसा दिसावा, अशी कोणाची व का इच्छा होती' हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. या दुसऱ्या प्रश्नास हे चित्र निःसंदिग्ध उत्तर देते, आणि तेच त्याचे खरे मोल होय.