जॅझ संगीत आणि कथात्म साहित्य

जॅझ संगीत आणि कथात्म साहित्य : अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृष्णवर्णीयांमध्ये उदयास आलेल्या जॅझ संगीताने विसाव्या शतकातील अनेक कथा-कादंबऱ्यांना विषय पुरविला. ऐन वादनात सुचणारी उपज हा या संगीताचा प्राण होय. ती शब्दांत कशी आणावी, हा लेखकांपुढील मुख्य प्रश्न ठरला.

एफ्. स्कॉट फिट्‌सजेरल्डच्या टेल्स ऑफ द जॅझ एज (१९२२) या कथासंग्रहामुळे ‘जॅझ युग’ ही संज्ञा रूढ झाली. तथापि वादकांच्या जीवनाशी त्यातील कथांना फारसे कर्तव्य नाही. डॉरथी बेकरच्या यंग मॅन विथ अ हॉर्न (१९३८) या कादंबरीची प्रेरणा कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेक (१९०३–३१) याच्या संगीतातून लाभली. वादक येथे नायक झाला. पण मद्यपानाने अकाली संपणारा एकाकी प्रतिभावंत हा साचाही रूढ झाला. त्यात कलावंताच्या शोकांतिकेपुढे त्याची कला मात्र झाकोळते.

जेम्स बॉल्डविनच्या ‘सनीज ब्लूज’ (१९५७) या कथेने हा साचा ओलांडला. सनी हा पियानोवादक हेरॉइनच्या व्यसनात सापडलेला असला, तरी कथेचा भर त्याच्या नाशावर नाही. बीजगणित शिकविणारा त्याचा थोरला भाऊ अखेरीस त्याचे वादन मनापासून ऐकतो. बॉल्डविन स्वरांचे तांत्रिक वर्णन फारसे करीत नाही. साथीदारांमधील संवाद आणि श्रोत्याच्या मनातील पालट तो दाखवितो. त्यामुळे एकट्याचे वाटणारे दुःख समाजाच्या इतिहासाशी जोडले जाते.

अर्जेंटिनाच्या हूल्यो कोर्तासारची ‘एल पेर्सेगिदोर’ (१९५९) ही दीर्घकथा चार्ली पार्कर (१९२०–५५) या सॅक्सोफोनवादकाच्या स्मृतीस अर्पण केलेली आहे. तिचा निवेदक समीक्षक असून त्याने लिहिलेल्या चरित्रातून खुद्द वादकच निसटला आहे. समीक्षेच्या मर्यादांवर यापेक्षा मार्मिक टीका क्वचितच आढळते. मायकेल ओंदात्‌जेने कमिंग थ्रू स्लॉटर (१९७६) या कादंबरीत बडी बोल्डन (१८७७–१९३१) या वादकाचे जीवन खंडित निवेदनातून उभे केले. बोल्डनच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नसल्याने हा खंडितपणा समर्पक ठरतो. टोनी मॉरिसनच्या जॅझ (१९९२) या कादंबरीत वादक दुय्यमच आहेत. परंतु १९२६ मधील हार्लेममधील एकाच हत्येची कथा निरनिराळ्या अंगांनी पुनःपुन्हा सांगितली जाते व निवेदक स्वतःचेच अंदाज मोडीत काढतो. येथे उपज निवेदनपद्धतीतच मुरली आहे.

जॅझला केवळ वातावरणनिर्मितीसाठी राबविणाऱ्या कथा त्या काळाबरोबर जुन्या झाल्या; ऐकण्याच्या अनुभवाला केंद्रस्थान देणाऱ्या कृती मात्र टिकून राहिल्या.