ऐकण्याची इयत्ता

तेरेखोल हे गोव्याचे उत्तरेकडचे शेवटचे टोक; पण नदीच्या हिशेबाने पाहिले तर ते गोव्यात बसतच नाही. केरीहून फेरीबोटीने पलीकडे गेल्यावर जो काठ लागतो तो रेडी-शिरोड्याचा, वेंगुर्ले तालुक्याचा. त्या काठाचा एक चिमुकला तुकडा तेवढा पेडणे महालाच्या वाट्याला आलेला. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. किल्ल्याच्या आत सेंट अँथनीचे चर्च आहे, आणि चालत जाण्याजोग्या अंतरावर रेडीच्या माउलीचे देऊळ. चर्चमधली प्रार्थनागीते कागदावर लिहिलेली, ती वाचून गायची. जत्रेतल्या दहीकाल्याचे संगीत कुठेच लिहिलेले नाही. पायपेटीवाल्याने आणि मृदंगवाल्याने ते कानांवर पेललेले. संगीत डोळ्यांनी घेण्याची एक रीत आणि कानांनी घेण्याची दुसरी, अशा दोन रीती इतक्या शेजारी नांदणारी जागा आपल्या भाषेच्या मुलखात क्वचितच सापडेल. अशा भागातला मुलगा पणजीला किंवा कोल्हापूरला संगीताच्या पदवीवर्गात दाखल होतो, तेव्हा त्याच्या ह्या दुहेरी शिदोरीचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उत्तर थोडक्यात द्यायचे तर, ती शिदोरी दारातच काढून ठेवावी लागते. आपल्याकडील संगीताच्या अभ्यासक्रमांचा साचा स्थूलमानाने एकच आहे. इतके राग विस्ताराने, इतके ओळखीपुरते. इतके ताल दुगुणी-चौगुणीसह. लेखी उत्तरपत्रिकेत थाट, वादी-संवादी, गायनसमय, चार थोरांची चरित्रे. आणि शेवटी मंचप्रदर्शन. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या खासगी परीक्षांची ही चौकट विद्यापीठांनी उचलली आणि तिच्यावर पदवीचे छप्पर घातले. ह्यात वाईट काही नाही. गळा तयार व्हायला हे सर्व लागतेच. परंतु ह्या चौकटीत ऐकण्याला तास नाही, ऐकलेल्याची चिकित्सा करण्याला गुण नाहीत, आणि स्वतः काही रचून पाहण्याची तर मुभाच नाही. असलीच तर कुठल्या तरी सत्राच्या शेपटाला, 'वेळ मिळाल्यास' ह्या सदरात.

एक अगदी साधे उदाहरण घेऊ. भूप आणि देसकार ह्या दोन्ही रागांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधार वादी, देसकारात धैवत. भूप पूर्वांगात रमणारा, देसकार उत्तरांगात. हे वाक्य प्रत्येक विद्यार्थी पाठ म्हणून दाखवतो. आता त्याच विद्यार्थ्याला नाव न सांगता अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण ऐकवा आणि कोणता राग ते विचारा, मग 'कशावरून?' असे विचारा. पहिल्या प्रश्नाला अंदाजाने का होईना, उत्तर येते. दुसऱ्या प्रश्नावर खोलीत शांतता पसरते. धैवतावर आवाज किती वेळ थांबला, कुठून येऊन थांबला, पंचमाला नुसता स्पर्श झाला की तिथे वस्ती झाली, हे सांगायला लागणारी भाषा त्याला कोणी दिलेलीच नसते. प्राथमिक शाळेत मराठीचे श्रुतलेखन होते. संगीताच्या पदवीवर्गात स्वरांचे श्रुतलेखन होत नाही. ही गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटत नाही, हेच चमत्कारिक आहे. याउलट गोव्यातली पियानो-व्हायोलिनची मुले लंडनच्या मंडळांच्या ज्या श्रेणी-परीक्षा देतात, त्यांत कानाची परीक्षा खालच्या इयत्तेपासून असते.

ह्या दुरवस्थेचे खापर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यावर फोडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. 'सगळे पुस्तकी करून ठेवले' हा आक्षेप बैठकीच्या गवयांपासून आजच्या टीकाकारांपर्यंत सर्वांनी केला. मला तो अन्यायाचा वाटतो. भातखंडे वकील होते, ते प्रथम ऐकणारे होते. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत बसून त्यांनी गवई ऐकले, रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदे घेतली, देशभर हिंडून उस्तादांना प्रश्न विचारले. मग त्या ऐकण्यातून 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'चे चार भाग लिहिले, आणि तेही मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने. पान उघडून पाहावे. शिष्य शंका काढतो, गुरू एका मताशेजारी दुसरे मत ठेवतो, 'तुम्हीच पडताळून पाहा' असा त्या लेखनाचा एकंदर सूर आहे. आणि तिसरी गोष्ट आपण हटकून विसरतो: हेच भातखंडे 'चतुर' ह्या नावाने लक्षणगीते रचत होते. रागाचे शास्त्र त्याच रागात बांधून गायचे, म्हणजे विश्लेषण आणि रचना एकाच श्वासात. श्रवण, चिकित्सा, निर्मिती ही तिन्ही अंगे एका माणसात अशी एकत्र होती. १९२६ साली लखनौचे मॅरिस कॉलेज निघाले, पुढे ठिकठिकाणी विद्यालये झाली. आणि ह्या सर्व खटाटोपातून आपण उचलले काय, तर क्रमिक पुस्तकातले स्वरलेखन आणि थाटांचा तक्ता. घर सोडून नुसता नकाशा घ्यावा तसे हे झाले.

मराठी मुलखात ह्याहून शहाणे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बा. र. देवधर यांची शाळा होती. विष्णु दिगंबरांचा हा शिष्य पाश्चात्त्य संगीतही शिकलेला, आणि सर्व घराण्यांच्या गवयांना आपल्या दारी आणणारा. ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांतली गायकी जशीच्या तशी उतरवणारा एक मुलगा त्यांच्याकडे आला; तो कुमार गंधर्व. नकलेपासून निघालेला हा कान पुढे कुठे पोहोचला ते आपण जाणतो. १९४८ साली क्षयाच्या आजारात देवासला गेल्यावर गाणे बंद आणि ऐकणे चालू, अशी काही वर्षे गेली. बिछान्यावर पडून ऐकलेल्या माळव्यातील बायकांच्या गाण्यांची त्यांनी उकल केली, त्यांत रागांची बीजे पाहिली, आणि त्यांतून धुनउगम राग निघाले. १९६५ साली 'अनूपरागविलास' छापून झाले तेव्हा बंदिशींच्या स्वरलेखनाला एक निराळीच प्रतिष्ठा आली. कारण ते लेखन ऐकण्याच्या शेवटी आले होते, आरंभी नव्हे.

मुंबई विद्यापीठात संगीताचे केंद्र निघाले तेव्हा पहिले संचालक म्हणून अशोक दा. रानडे आले. कलासंगीताबरोबर आदिम, लोक, भक्ती, जन असे संगीताचे कोटी-प्रकार मांडून, 'हेही ऐकायचे आणि ह्याचीही चिकित्सा करायची' असा आग्रह त्यांनी धरला. वामनराव देशपांडे तर पेशाने सनदी लेखापाल. त्यांनी 'घरंदाज गायकी'त (१९६१) स्वर आणि लय ह्या दोन टोकांमध्ये घराणी मांडून दाखवली. किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर मध्यावर. ही मांडणी मान्य होवो न होवो, तिच्याशी भांडता येते, आणि भांडता येणे हा चिकित्सेचा पहिला गुण. दुर्दैव असे की वर्गात ही पुस्तके 'घराण्यांची वैशिष्ट्ये लिहा' ह्या प्रश्नाचे साहित्य म्हणून पोहोचली. ज्या ध्वनिमुद्रिका ऐकून ती वैशिष्ट्ये तपासायची, त्या पोहोचल्या नाहीत.

आणि त्या मुद्रिका तर गोव्याच्याच! केसरबाई फोंडा महालातल्या केरीच्या (तेरेखोलसमोरची केरी वेगळी, नावाने फसू नये), मोगूबाई कुर्डीच्या. दोघींचे गुरू अल्लादियाखाँ. केसरबाईंची भैरवीची मुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली; तिचा अभिमान आपण भाषणांतून मिरवतो. साडेतीन मिनिटांच्या त्या मुद्रिकेवर एक पूर्ण सत्र शिकवता येईल. श्वास कुठे घेतला, आकार कुठे मोकळा केला, तान समेकडे सरळ आली की वळसा घालून, वेळेची सक्ती असताना काय गाळले. तिच्याशेजारी मोगूबाईंची मुद्रिका ठेवली की एकाच घराण्यात दोन स्वभाव कसे मावतात हे पाठ्यपुस्तकाविना कळेल. पूर्वी मुद्रिका दुर्मिळ, म्हणून ऐकणे राहून जाई. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये शंभर वर्षांचे संगीत आहे, आणि तरीही ऐकणे राहूनच जाते. आता आडवा येतो तो ऐकण्याला अभ्यास न मानणारा आपला समज.

ज्यांच्यात ही तिन्ही अंगे एकत्र आली अशी व्यक्ती शोधायला लखनौ-देवासला जायची तरी काय गरज? पंडित श्रीकृष्ण तथा बबनराव हळदणकर यांनी गोव्याच्या कला अकादमीत अध्यापन केले. मोगूबाईंकडे जयपूर आणि खादिम हुसेनखाँकडे आग्रा, अशा भिन्न स्वभावाच्या दोन गायकी त्यांनी एका गळ्यात घेतल्या. त्या दोहोंची तुलना 'जुळू पाहणारे दोन तंबोरे' ह्या पुस्तकात केली. आणि 'रसपिया' ह्या नावाने बंदिशी रचल्या. विद्यार्थ्याने रचना करावी की नाही, ह्या वादात त्यांचे उदाहरण निर्णायक मानले पाहिजे.

कारण वाद आहे, आणि तो बुजुर्गांनी घातलेला आहे म्हणून टाळता येत नाही. 'आधी चाळीस वर्षे गा, मग रच' असे ते म्हणतात. ह्यात तथ्य आहे. कच्च्या बंदिशींचा सुळसुळाट कोणालाच नको. पण वर्गातली रचना मैफलीत गाण्यासाठी नसतेच. निबंध लिहिणारा प्रत्येक मुलगा हरिभाऊ आपटे होत नाही, तरी आपण निबंध लिहवून घेतो. कारण लिहिल्याशिवाय वाचता येत नाही. दिलेल्या स्थायीला अंतरा जोडायला सांगा. तीनतालातली ओळ झपतालात बसवायला सांगा. सम कुठल्या अक्षरावर पाडावी ह्यासाठी तासभर झगडलेला मुलगा पुन्हा कुठलीही जुनी बंदिश पूर्वीसारखी ऐकणार नाही.

ह्या दृष्टीने मला 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) हे नाटक फार मोलाचे वाटते. मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींना तिथे दोन घराणी, दोन स्वभाव रंगभूमीवर ऐकू येतील असे उभे करायचे होते. 'घेई छंद' हे दारव्हेकरांचे एकच पद त्यांनी धानीत बांधले आणि सालगवराळीतही बांधले. एक प्रसाद सावकारांच्या गळ्यात, दुसरे वसंतराव देशपांड्यांच्या. शब्द तेच, आणि माणूस पार बदललेला. घराणे म्हणजे काय ह्यावर ग्रंथ लिहिण्याऐवजी अभिषेकींनी दोन चाली दिल्या. शिवाय त्या नाटकाचा नायक सदाशिव खाँसाहेबांच्या हवेलीत विद्या मिळवतो ती चोरून ऐकून! संगीत महाविद्यालयात श्रवणाला तास नसणे ही गोष्ट सदाशिवाला मोठी गमतीची वाटली असती.

कागदाच्या बाजूनेही असेच एक नाव घेतले पाहिजे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या संगीताच्या संस्कारातून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून पन्नास वादकांत वाटून देणारी गोव्याची जी पिढी होती, तिच्यातले ते. त्यांनी मात्र तेवढ्यावर न थांबता १९५८ साली भारतीय वाद्यवृंद उभा केला आणि रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना लिहिल्या. आज गोवा विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचे विभाग एकाच संस्थेत आहेत. मग हिंदुस्थानी गायनाच्या विद्यार्थ्याला वर्षभर शेजारच्या वर्गात बसून श्रुतलेखन का शिकता येऊ नये, आणि व्हायोलिनच्या विद्यार्थिनीला तंबोऱ्यामागे बसून मींड का ऐकता येऊ नये? मींड त्या पाच रेघांवर उतरत नाही हे खरे. ती का उतरत नाही, हाच धडा.

आता थोडे घरचे. पेडण्या-डिचोलीच्या मुलाने दहाव्या वर्षापर्यंत काय काय ऐकलेले असते! घुमटावरच्या आरत्या, शिगम्याची रोमटे, आयाबायांच्या धालो-फुगड्या, भजनी सप्ताह, आणि रात्रभराचा दशावतार. ह्यातल्या एकेका गोष्टीत पदवीपरीक्षेचा प्रश्न दडलेला आहे. घुमटाचेच घ्या. मातीच्या भांड्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते निषिद्ध झाले, आणि आता बकऱ्याचे चढवतात. २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान मिळाला. नाद बदलला का? बदलला तर खर्जात की टोकदारपणात? शामेळाने आणि कांसाळ्याने त्याला कसे सांभाळून घेतले? जुनी मुद्रणे आणि आजचे वादन शेजारी ठेवून वीस पानांचा प्रबंध एखाद्या मुलीने लिहिला, तर तो मला दहा थोरांच्या चरित्रांपेक्षा मोलाचा वाटेल.

दशावतारातला पायपेटीवाला तर चालतेबोलते संगीत महाविद्यालयच आहे. नट रात्री दोन वाजता कोणत्या पट्टीत पद उचलेल ते आधी ठरलेले नसते. संवाद आयत्या वेळचे, पदाची जागा आयत्या वेळची. राजा बसलेल्या आवाजात वर गेला तर पेटी त्याच्यामागे जाते, आणि राक्षस आला की मृदंगाची चाल पालटते. ऐकणे, जोखणे, रचणे, तिन्ही क्रिया तिथे एका क्षणात होतात. हाच पेटीवाला प्रवेशपरीक्षेला बसला तर थाटांच्या व्याख्येपाशी अडेल. आणि प्रथम वर्गात पदवी मिळवलेल्या तरुणाला दहीकाल्यात पेटीवर बसवले तर पहिल्या पट्टीबदलाला अडेल. दोघांचेही अडणे खरे आहे. ते एका वर्गात आले तर दोघांचाही फायदा आहे, एवढेच माझे म्हणणे.

२०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर इतर शाखांच्या मुलांनाही संगीताचा एखादा विषय घेण्याची वाट मोकळी होऊ लागली आहे. ह्या मुलांचा गळा तयार करायला वेळ नाही, म्हणून त्यांना 'रसग्रहण' शिकवायचे ठरते. आणि रसग्रहण म्हणजे पुन्हा थाट आणि चरित्रे, असे होण्याचा धोका उघड दिसतो. तिथे श्रवणापासून आरंभ झाला, तर तो निदान विना-गळ्याच्या दाराने मुख्य अभ्यासक्रमात शिरेल. रचनेचे गुण द्यायचे कोणी, हा प्रश्न मग येईलच. माझी सूचना अशी की परीक्षकांच्या तीन खुर्च्यांपैकी एक गवयाची, एक चर्चमधल्या गायकवृंदाच्या शिक्षकाची आणि एक दशावतारातल्या पायपेटीवाल्याची असावी. आणि तोंडी परीक्षेआधी तिघांनी मिळून एकच मुद्रिका दोनदा ऐकावी.